जुनं काढू नये

नागाळा पार्कातल्या ऑफिसात, खिडकीकडच्या मशीनवर
एक चिठ्ठी आहे:
‘जुनं काढू नये. — बा. शिकलगार’
सेलोटेप पिवळी पडली, शाई नाही.

त्या मशीनवर नकाशाचं एकच सॉफ्टवेअर
तीनदा बसवलंय, तीन सालांचं.
चिन्हं शेजारी-शेजारी, तोंडवळा एक,
आणि सख्ख्या भावांसारखं एका कपाटावरनं भांडण.
नवं उघडलं की ते जुन्याच्या सेटिंगा आपल्याच समजून
आपल्या पद्धतीनं लावून ठेवतं,
मग जुनं उठतं
आणि त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही.
शेवटी प्रत्येकाला मी वेगळं फोल्डर दिलं,
वेगळा शॉर्टकट.
‘वाटण्या झाल्या म्हणायच्या,’ धनवडे म्हणाला
आणि चहा सांगायला गेला.

साहेब विचारतात, नवं असताना जुनं कशाला?
मी दोन्ही खिडक्या शेजारी लावते.
नव्यात पंचगंगा आहे तिथंच आहे.
जुन्यातली उचलून नव्यात तशीच टाकली
तर नदी शंभरेक पावलं पूर्वेला सरकते
आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर चढते.
नदी चुकली नाही, साहेब.
तेव्हा पृथ्वीची गोलाई जरा वेगळी धरली होती, एवढंच.
साहेब टेकडीवरच्या नदीकडे बराच वेळ बघतात.
‘पण हे दुरुस्त होतं ना?’
होतं. नदीचं होतं. चार आकडे टाकले की उतरते खाली.

शिकलगारांचं होत नाही.

पाच सालच्या महापुरानंतर ते गल्लोगल्ली फिरले,
भिंतीवरची पाण्याची रेघ टेपनं मोजत,
आणि प्रत्येक ठिपक्याला त्यांनी नाव दिलं
त्या वेळच्या फॉन्टमध्ये, जो आता फक्त जुन्यालाच वाचता येतो:
‘सुतारवाडा, कपाटाचा दुसरा कप्पा.’
‘कुंभार गल्ली, वरच्या फळीवरचे गणपती राहिले.’
‘नाल्याकडेला, म्हशी गच्चीवर, एक नाही.’
नव्यात या म्हशींचं होतं
टक्का, कंस, सात, उलटा स्वल्पविराम, कंस.
म्हणून मी डावीकडे वाचते, उजवीकडे टाइप करते.
सहाशे बारा ठिपके. आज तीनशे एक्केचाळीसवर आहे.

तीनशे एक्केचाळीस: चिखली, वेशीजवळचं घर.
खोलीचा रकाना रिकामा.
नावाच्या जागी: ‘इथं विचारलं नाही.’

नव्याला रिकामं चालत नाही.
मी एंटर दाबलं की ते स्वतःहून
शून्य भरतं, नीट, दोन दशांश स्थळांपर्यंत.
तीनदा पुसलं. तीनदा भरलं.

फोन लावला. ते बावड्याला असतात आता, लेकीकडं.
कुकरच्या शिट्टीत त्यांचा आवाज:
‘मोकळं सोड ते, आवटीबाई.
शून्य घालू नगंस. शून्य म्हंजे पाणी आलं न्हाई.
आलं हुतं.
मी दारापतूर गेलो. बाई उंबऱ्यात बसल्याली.
हातात टेप हुता माझ्या.’
पुढं काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, ‘अजून चालतंय व्हय ते जुनं?’
चालतंय, म्हटलं. हळू उघडतंय.
‘उघडू दे हळू.’

संध्याकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी येते, फुटात,
ती मी नव्यात भरते. आज एकोणतीस.
मशीनचा पंखा दोन नकाशांच्या ओझ्यानं घरघरतो.
मग एकेक खिडकी मिटत जाते.

नवं मुकाट बंद होतं.
जुनं दर वेळी विचारतं:
बदल जतन करायचे का?
मी त्यात काहीच बदललेलं नसतं,
नुसतं वाचलेलं असतं.
तरी विचारतं.